तिसरा रकाना

मी लातूरला अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. आमच्याकडे मुलांना उत्तर पाठ पाहिजे असतं आणि आम्हाला तपासायला सोपं. म्हणून ‘फरक स्पष्ट करा’ आलं की मी फळ्यावर रेघा मारते आणि तक्ता करून देते. ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम या धर्मांचा तक्ता तीन रकान्यांचा. येशूच्या ओळीत मी लिहून दिलं होतं: ज्यू मानत नाहीत, ख्रिस्ती देवाचा पुत्र मानतात, मुसलमान मानत नाहीत. एका गाईडातून उतरवलं होतं. फरक विचारलाय म्हणजे ख्रिस्ती आणि इस्लामचं जुळणारं काही नसणारच, असं धरून चालले. पडताळून पाहिलं नाही.

चाचणीत एका मुलीने तिसरा रकाना वेगळा भरला. मुलगी उदगीरची, मुसलमान, इथे होस्टेलवर राहायची. तिने लिहिलं होतं, की ईसा, म्हणजे येशू, हे मोठे पैगंबर. मरियमचे पुत्र, पण अल्लाहचे पुत्र नव्हेत. ते क्रूसावर मेले नाहीत, अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं, आणि ते परत येणार आहेत. मी लाल पेनाने काट मारली.

पेपर घेऊन ती टेबलापाशी आली. म्हणाली, “मॅडम, आमच्यात मानतात त्यांना. नाव घेतलं की पुढं मानानं अलैहिस्सलाम म्हणतो आम्ही, त्यांच्यावर शांती असो म्हणून.”

मी मान वर न करता म्हणाले, “पेपर घरचा नाही, परीक्षेचा आहे.”

मागच्या बाकावर पोरी हसल्या. मी हसू दिलं.

नांदेडला प्रश्नमंजूषेची स्पर्धा होती. एका कॉलेजातून दोघांनाच जाता येत होतं आणि तिला जायचं होतं; हे मला माहीत होतं, कारण महिनाभर ती रोज वाचनालयात बसायची. चाचणीच्या गुणांवर निवड केली. त्या एका ओळीने ती तिसरी आली.

नांदेडला मी पहिल्या रांगेत बसले होते. प्रश्न आला: ज्यू धर्म ज्यांना मसीहा मानत नाही, ख्रिस्ती ज्यांना देवपुत्र मानतात, त्यांच्याविषयी इस्लामची श्रद्धा काय? आमच्या मुलाने ताडकन बझर दाबला आणि माझा तक्ता म्हणून दाखवला. परीक्षकांनी शांतपणे चूक सांगितली आणि बरोबर उत्तर वाचलं. त्या मुलीच्या पेपरात होतं, जवळजवळ तेच. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

परतताना एसटीत ठरवलं, उद्या वर्गात चूक कबूल करायची. उद्या सराव परीक्षेचं पर्यवेक्षण निघालं, मग सुट्टी आली. खरं कारण ते नव्हतं. तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटत होती.

मग सराव परीक्षेचे गठ्ठे आले. प्रश्न तोच होता. पेपर मीच काढला होता, नांदेडच्या आधी. तिची उत्तरपत्रिका उघडली. तीन रकाने, पट्टीने आखलेले. तिसऱ्या रकान्यात, सुरेख अक्षरात: मुसलमान येशूला मानत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. सांगितलं, की तुझं आधीचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती, वर्गातही सांगणार आहे. मी विचारलं, “मग हे असं का लिहिलंस?”

“गुण पाहिजे होते मॅडम.” मग म्हणाली, “घरी नका सांगू. अब्बूंना वाईट वाटेल.”

मी म्हणाले, नाही सांगणार. ती गेली. वर्गात मी तक्ता पुसला, नवीन लिहून दिला, चूक माझी हेही सांगितलं. सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतलं, तिनेही. तिच्या उत्तरपत्रिकेवर त्या ओळीला किती गुण द्यायचे ते मात्र मला ठरवता येईना. खोटं तिने लिहिलं होतं, पण ते तिच्याकडून मी लिहून घेतलं होतं. शेवटी पूर्ण गुण दिले. त्याने मला बरं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं.