दंबुल्लाच्या पायऱ्यांवर तात्या

राजुरीचे तात्या कुठल्याही लेण्याच्या तोंडाशी थांबून आधी हाक घालत, "हाय का कुनी आत?" मग जरा कान देत आणि मगच पाऊल टाकत. जन्म मेंढ्यांमागे गेलेला. पावसात जुन्नरच्या डोंगरातली लेणी हाच निवारा, कधी त्यांचा, कधी बिबट्याचा. "जनावराला बी दार असतंय, गुरुजी," ते मला सांगत. "न इचारता घुसू ने."

तालुक्यातल्या बावीस जणांची श्रीलंकेची सहल ठरली, तेव्हा मीच त्यांना आग्रहाने नेलं. त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, निघताना बजावलं होतं की ह्यांना एकटं सोडू नका. त्यांचा पासपोर्टसुद्धा माझ्याच पिशवीत होता.

सकाळी अनुराधपूरचे स्तूप पाहिले आणि दुपारी दंबुल्लाच्या लेण्यांत पोचलो. इथेही तात्यांनी दाराशी हाक घातलीच. पहारेकरी रागावला, तात्यांनी हात जोडले. आत निजलेल्या बुद्धापाशी ते बराच वेळ उभे राहिले. "आपली लेनी रिकामी पडल्याती," हळूच म्हणाले. "हितं अजून दिवा जळतोय."

डोंगर उतरून गाड्यांपाशी आलो, तर तात्या नव्हते. त्यांच्या मोबाईलचं कार्ड परदेशात चालत नव्हतं. पुन्हा वर धावलो. चपला ठेवायची जागा, पाची लेणी, मागचा कठडा, सगळं पालथं घातलं. मुंडासं बांधलेला म्हातारा दिसला का, असं भेटेल त्याला हातवारे करून विचारत होतो. तेवढ्यात यमुनाबाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. उचलायचं धाडस झालं नाही. कड्याकडे बघायचीही भीती वाटू लागली होती.

वर यायला दोन वाटा आहेत, हे तासाभराने एका फूलवालीने खुणेने सांगितलं. त्या दुसऱ्या वाटेच्या वळणावर तात्या पायरीवर बसलेले दिसले. डोकं उघडं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं. मुंडासं भिजवून त्यांनी शेजारी आडव्या झालेल्या बाईंच्या कपाळावर ठेवलं होतं. त्या नारायणगावच्या शांताकाकू. अडत्यांच्या घरातल्या, विधवा, सहलीला एकट्याच आलेल्या. त्या दिवशी त्यांचा उपास होता आणि उन्हात घेरी आली होती.

मी तात्यांवर चिडलो. कुणाला हाक तरी मारायची, म्हणालो.

"मारली की. पर माजी बोली हितं कुनाला उमजंना," ते म्हणाले. "आन ह्यांना टाकून खाली कसा येऊ? मेंढक्या कळपाच्या मागं चालतो, गुरुजी. दमलेलं मागंच ऱ्हातंय."

काकूंना दोघांनी धरून खाली आणलं. आमच्या दोन गाड्या होत्या. काकू दुसऱ्या गाडीत असतील, असं दोन्ही गाड्यांतले लोक धरून चालले होते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तात्या झोपेतच गेले. दहाव्याला शांताकाकू राजुरीला आल्या होत्या. यमुनाबाईंजवळ बसल्या. निघताना माझ्यापाशी थांबून त्यांनी शांतपणे विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी तात्या तुमच्याबरोबर खाली उतरले असते, तर मी नाही हे तुम्हाला कधी कळलं असतं?"