अळणी बाजू

गोझो बेटावरच्या आमच्या आर्ब गावात उन्हाळ्यातल्या रविवारी घरात चूल पेटवणारी बाई वेडीच म्हणायची. बटाटे, मांस, बडीशेप ट्रेमध्ये रचायची, वर कागद बांधायचा आणि चर्चला जाताना ट्रे माझ्या बेकरीत ठेवायचा. पाव निघाला की त्याच भट्टीत गावाचं जेवण जातं. कुणाचा कागद उचलून बघायचा नाही, हा माझ्या सासूचा नियम मी आजही पाळते. चौकशा करायला देवाने मला तोंड दिलंय, कागद कशाला उचलायचा?

विस्तिन माझा शेजारी. परदेशी पाहुण्यांना व्हॅनमध्ये घालून बेटभर खायला नेतो. त्याची बायको जॉर्जा माझी जिवाची मैत्रीण. ईस्टरच्या आधीच्या उपासात ती गेली आणि ईस्टर होतो न होतो तोच याने व्हॅन बाहेर काढली. दफनाच्या वेळी डोळ्यांतून टिपूस नाही. आमच्या गल्लीतल्या कार्मनीच्या जिभेला हाड नाही, ती चर्चच्या पायऱ्यांवरच म्हणाली, "बायकोला पुरलं आणि निघाला परदेशी बायकांना चीज भरवायला." मी तिला गप्प केलं, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. मला त्याचा राग आला होता.

त्याची मुलगी ग्राझिएल्ला मेलबर्नला असते. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून ती फोन मला करते.

"विटोरिन मावशी, पप्पा जेवतात का? एकदा तरी रडले का?"

"जेवताना दिसतो. रडताना नाही."

"ऑगस्टमध्ये येतेय मी. ठीक नसतील तर इकडेच घेऊन येईन. व्हॅन विकून टाकू. तू बघून सांग, तू म्हणशील तसं करते."

झालं, माझ्या गळ्यात पडलं. शेजारच्या माल्टाला जायचं म्हटलं तरी तोंड वाकडं करणारा हा माणूस, मेलबर्नला जाऊन काय करणार होता? पण इथे तरी काय करत होता, तेही मला कळत नव्हतं. म्हणून एक दिवस बेकरी बहिणीवर सोपवली आणि पाहुण्यांबरोबर त्याच्या व्हॅनमध्ये जाऊन बसले.

"आज काय काढलंस, विटोरिन?"

"फुकट खायला आलेय."

"बस," म्हणाला. एरवी यावर त्याने मला गावाच्या वेशीपर्यंत चिडवलं असतं.

नादुरला गरम चपट्या पावावर बटाटे आणि खारवलेले मासे खाल्ले. मार्साल्फोर्नला समुद्राकाठी तळलेलं माकूल. ऊन असं की व्हॅनच्या दाराला हात लागला तर चटका बसावा. विस्तिन प्रत्येक ठिकाणी दोन वाक्यं बोलायचा, पाहुण्यांबरोबर घासभर खायचा आणि घड्याळ बघायचा. शारा गावी मेंढीच्या चीजचं दुकान आहे. तो म्हणाला, "आधी मिरी झोंबेल, मग दुधाची चव लागेल." तेवढ्यात दुकानदारीण माझ्या कानाशी लागली, मिरी लावलेलं चीज सकाळीच संपलंय, हे साधं आहे. विस्तिनने आपला तुकडा चावला, गिळला आणि काहीच म्हणाला नाही. एक पाहुणी मात्र मान डोलावत म्हणाली की मिरी झोंबली हो खरी. मला हसू आलं. वाटलं, धंद्यात मुरलाय लेकाचा. ग्राझिएल्लाला कळवून टाकलं, तुझा बाप ठणठणीत आहे, काळजी सोड.

पुढच्या रविवारी दुपारी कार्मनी ट्रे घेऊन बेकरीत घुसली.

"माझा ससा कुठंय? हे कुणाचं आजारी माणसाचं जेवण माझ्या माथी मारलंस?"

कागद सुटलेला होता, आता बघणं भागच होतं. डुकराचं मांस, बटाटे आणि ट्रेच्या मधोमध पावाच्या कडा उभ्या रोवून घातलेला बांध.

"चाखून बघ," कार्मनी म्हणाली. "अर्ध्यात मीठ आहे, अर्धं ठार अळणी."

ट्रे विस्तिनचा होता. सकाळी त्याने ठेवलेला मी पाहिला होता, आणि जाताना शेजारचा ट्रे उचलून गेला असणार. आम्ही दोघी तशाच त्याच्या घरी गेलो.

तो जेवत होता. ताटाच्या कडेला सशाची बारीक हाडं नीट रचून ठेवलेली.

"कसं झालंय रे मांस?" मी विचारलं.

"छान. डुक्कर चांगलं मिळालं या वेळी."

कार्मनीने ट्रे त्याच्यापुढे ठेवला. "हा तुझा, विस्तिन. तू खातोयस तो माझा ससा."

त्याने ताटाकडे पाहिलं, मग ट्रेकडे. दचकला नाही की ओशाळला नाही.

"ही बिनमिठाची बाजू कुणाची?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"जॉर्जाची. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तिचं."

"आणि खातं कोण?"

"रात्री मीच खातो. टाकायचं कशाला?" मग त्याने ट्रे जवळ ओढला आणि वाकून पाहिलं. घाईघाईत आणताना बांध एका बाजूला ढासळला होता. "कार्मनी, रस तिकडे गेला का गं? तिच्या बाजूला मीठ लागलं का?"

कार्मनीने ढासळलेल्या पावाच्या कडा बोटांनी पुन्हा उभ्या केल्या. ती म्हणाली, "नाही लागलं. मी चाखलंय. अगदी अळणी आहे."

"बरं झालं," तो म्हणाला आणि उरलेला ससा खाऊ लागला.

संध्याकाळी मी स्वतःच मेलबर्नला फोन लावला.

"मावशी, पप्पा ठीक आहेत ना?"

"नाहीत. मी चुकीचं सांगितलं होतं. तू लवकर ये, इथे राहा चांगली. पण त्याला तिकडे न्यायचं नाव काढू नकोस."

"का?"

"तुझ्या आईला जेवायला कोण घालेल?"