खासदारांची स्मरणशक्ती

आमच्या मावसाजींइतका विसराळू माणूस या देशाने आजवर दिल्लीला पाठवला नसेल, आणि पाठवला तो पाठवला, वर पाच-पाच वेळा! गंमत म्हणजे सबंध मतदारसंघात त्यांची ख्याती होती ती स्मरणशक्तीसाठी. "सांसदजी को सबका नाम याद रहता है," असं जामुलच्या बस थांब्यावर कुणीही सांगे. मी हसू दाबत असे, कारण मला हा माणूस जन्मभर प्रभाकर म्हणत आला. प्रभाकर माझा थोरला भाऊ. मी विनायक. त्यांच्या सेक्टर दोनमधल्या घरात शिरलो की ते खूश होऊन म्हणत, "ये प्रभाकर, बस!" आणि आतून मावशीचा आवाज येई, "प्रभाकर नाही जी, विनू हाय तो."

खासदार होण्याआधी मावसाजी पोलाद कारखान्यात क्रेन चालवत. विसरण्याचं सगळं खापर ते त्या क्रेनवर फोडत. "वीस वर्सं वरून नुसते हेल्मेट पाहिले मी. चेहरे कुठून ध्यानात राहतीन?" तर अशा उंचीवरून ते उतरले ते युनियनमध्ये, युनियनमधून लोकसभेत, आणि या सगळ्या प्रवासात मावशी त्यांच्या अर्धं पाऊल मागे होती. पदर तोंडाशी धरलेला. लोकांना वाटे, बाई किती लाजाळू! कसली लाजाळू? पदराआड तिचं तोंड अखंड चालू असे. "जामुलचा रामाधीन. पोरीचं लग्न झालं. गुडघा दुखते त्याचा." की लगेच मावसाजी हात पसरून पुढे, थेट त्याच्या बोलीत, "कइसे हस गा रामाधीन? घुटना पिराथे का?" रामाधीनच्या डोळ्यांत पाणी उभं राही आणि घरची सगळी मतं पक्की होत.

एकदा मावशी तापाने पडली आणि हे एकटेच चरोद्याला, रेल्वेच्या क्वार्टरात सांत्वनाला गेले. दार उघडणाऱ्या मुलाला छातीशी धरून "बाबूजी गेले, मोठा आधार गेला" असं गहिवरून सांगत असताना आतून बाबूजीच पाण्याचा पेला घेऊन आले. वारले होते शेजारचे. दुसरा कुणी तोंड लपवून पळाला असता. मावसाजींनी पाणी घेतलं, चहा घेतला आणि निघताना बाबूजींना शंभर वर्षं जगण्याचा आग्रह करून आले.

सभागृहात मावशीला मागे उभं राहता येत नसे, ही मला आपल्या लोकशाहीतली मोठीच उणीव वाटते. तिथे त्यांनी एका पुलाबद्दल रेल्वेमंत्र्यांचे भरभरून आभार मानले, तेही मागच्या सरकारातल्या मंत्र्याचं नाव घेऊन. पण माणूस पोकळ नव्हता हो. पेन्शन अडकलेल्या बाईचं नाव त्यांना सांगता येत नसे, पण तिचा कागद घेऊन ते दिल्लीत टेबलाटेबलाशी जाऊन उभे राहत. काम होईपर्यंत हलत नसत.

आणि मागच्या निवडणुकीला या माणसाने उभं राहायलाच नकार दिला. पक्ष पाया पडत होता, तरी नाही. गावभर बोभाटा झाला की तिकीट कापलं. हे गप्प! मला रागच आला. तडक त्यांच्या घरी गेलो.

"कावून सोडलं मावसाजी? लोक काय वाट्टेल ते बोलून राहिले."

"बोलू दे. दिल्लीले दुसरा कोनी जाईन. हिले दिवसभर मीच लागतो. अन् हिची गोष्ट चारचौघांत नाही नेत मी."

मावशी खुर्चीत बसली होती. माझ्याकडे पाहून हसली, पण घरी आलेल्या परक्या माणसाकडे पाहून हसावं तसं. जिने अर्धा लाख माणसांचे गुडघे लक्षात ठेवले, तिला मी कोण ते आठवत नव्हतं.

मावसाजी उठले. तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, वाकले, गमछ्याचं टोक तोंडाशी धरलं आणि पुटपुटले. क्रेनच्या आवाजावर ओरडायची सवय लागलेला तो गळा, मला सगळं ऐकू आलं. "तुया बहिणीचा पोरगा. चहात साखर कमी घेते. प्रभाकर."

मावशीचा चेहरा एकदम उजळला. "अगाई, प्रभाकर! किती दिवसांनं आला रे बाप्पा!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कुणी दुरुस्ती केली नाही. मीही केली नाही. "हो मावशी," म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो.