पोरं उशिरा उठतात त्याची चौकशी

ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणत. घरी सासूबाई म्हणत, हिच्या हातात आरसा दिला तर ही आधी मागे कोण लपलंय ते बघेल.

डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी तिने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. डोळ्यांच्या पडद्याचे फोटो आले की मुख्य प्रोग्रॅम स्वतःच्या हाताखाली बऱ्याच चाइल्ड प्रोसेस सुरू करायचा, म्हणजे कामाला पोरं जुंपायचा. ही पोरं फोटो वाटून घेऊन तपासायची. सगळं सुरळीत होतं, आणि अचानक या आठवड्यात पोरं लवकर उठेनाशी झाली. काम पूर्वीच्याच वेगाने व्हायचं, पण सुरू व्हायलाच इतका वेळ लागायचा की डॉक्टरीणबाई ताटकळून वैतागल्या.

फौजदाराला गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. सर्व्हर सांभाळायला होता तिचा धाकटा दीर. त्याने याच आठवड्यात मशिनवर काहीतरी बदललं होतं, आणि घरी हल्ली तो फोनवर बोलायला गच्चीवर जायचा. त्याने सर्व्हरवर गुपचूप पाळत ठेवणारं काहीतरी बसवलंय, अशी तिची खात्री पटली. तिने मॅनेजरबाईंच्या कानावर घातलं. बाई म्हणाल्या, दुपारपर्यंत पुरावा दाखव, सर्व्हर त्याच्याकडून काढून घेते. नोकरीत तो अजून कायम झाला नव्हता. सर्व्हर गेला म्हणजे नोकरीही गेली, हे दोघींना ठाऊक होतं.

तिने आधी त्यालाच अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करायला सांगितलं. त्याने हूं की चूं न करता बंद केला. हा साळसूदपणाही तिला खटकला. पण वेग तसूभरही वाढला नाही. मग प्रोग्रॅमला जोडलेलं कुठलं मॉड्यूल किती वेळ खातंय ते तिने मोजलं. सगळी मॉड्यूलंही निर्दोष सुटली. शेवटी तिने प्रोग्रॅमच्या फाइलच्या अगदी डोक्यावर एक ओळ घातली: "वाचायला सुरुवात." ती एकदाच छापली जायला हवी होती. स्क्रीनवर रांगच लागली. प्रत्येक पोर उठल्याउठल्या अख्खी फाइल पहिल्या ओळीपासून वाचत होतं.

आणि त्या ओळीच्या खालीच तिची स्वतःची तपासणी होती. साठवलेल्या प्रत्येक फोटोशी कोणी छेडछाड तर केली नाही ना, हे पाहणारी. ती तिने दिरावर विश्वास नव्हता म्हणूनच लिहिली होती. आता एकेक पोर कामाला लागण्याआधी सगळ्या फोटोंची झडती घेत होतं.

तिने दिराला बोलावलं.

"भावजी, पायथन बदललंत का?"

"नवीन आवृत्ती टाकली. जुनीत पोर मुख्य प्रोग्रॅमची तयार नक्कल म्हणून यायचं, आता कोरंच येतं आणि फाइल पहिल्यापासून वाचतं. तुम्हाला सांगितलं होतं, वहिनी."

"कधी?"

"जेवताना. तुमचं लक्ष माझ्या फोनकडे होतं."

तिने तपासणी उचलली आणि फक्त मुख्य प्रोग्रॅमनेच चालवायच्या भागात, अटीच्या आत नेऊन ठेवली. पोरं टुणकन उठली.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. दीर खुर्चीमागेच उभा होता.

"मग, याच्या अपडेटमुळेच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. खोटंही ठरलं नसतं. तिच्या जिभेवर शब्द आलाही होता.

"अपडेटमुळे ते उघडं पडलं," ती म्हणाली. "वेळ माझी तपासणी खात होती. चुकीच्या जागी मीच ठेवली होती."

बाईंनी तिच्याकडे, मग दिराकडे पाहिलं. "घरचा माणूस म्हणून पांघरूण नाही ना घालत?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे असं पाहत होतं. शपथा घेऊन उपयोग नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? ती खुर्चीवरून उठली आणि कीबोर्ड बाईंपुढे सरकवला. बाईंनी तपासणी बाहेर ठेवून चालवलं, आत ठेवून चालवलं, परत बाहेर काढून पाहिलं. मग म्हणाल्या, सर्व्हर याच्याकडेच राहू दे.

त्या गेल्यावर दिराने विचारलं, "माझी तक्रार तुम्ही केली होतीत?"

"हो."

तो जागेवर जाऊन बसला आणि आपला स्क्रीन हळूच भिंतीकडे वळवला. तिने ते पाहिलं, आणि तिकडे जाऊन डोकावायचं मोठ्या कष्टाने टाळलं.