डेपोकाका आणि बोटभर प्ले

डेपोकाका क्लच तपासताना आधी चप्पल काढायचे. दर्यापुरात मिस्त्री पुष्कळ, पण देवळात शिरावं तशा चपला दाराशी जोडून गाडीत बसणारा हा एकच. एसटीच्या डेपोत उभा जन्म घालवून निवृत्त झालेले, म्हणून डेपोकाका. अनवाणी पायाने पेडल हळूहळू दाबायचे, डोळे मिटायचे, आणि शेजारी कोणी तोंड उघडलंच तर खेकसायचे, "चूप बस ना बे! पायाले आयकू दे."

आमची गाडी अठरा वर्षांची. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावतीला न्यावं लागे आणि परतताना एसटीत बसण्याइतकं त्राण त्यांच्यात उरत नसे. गाडी थांबली की बाबा थांबले, इतकं ते सरळ होतं. आणि नेमका तिचा क्लच बसला. पेडल दाबलं की खालीच राहायचं. पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर गेला होता, आणि कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलेलं. मी अकोल्याच्या बाजारातून दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला आणला. तो बसला, पण त्याची पेडलला जोडणारी दांडी जराशी लांब निघाली. काका म्हणाले, "नवा पार्ट म्हंजे नवी सून. घरची रीत तिले आपणच सांगा लागते."

रीत सांगण्यात अर्धा दिवस गेला. क्लचच्या तेलाच्या पाइपातली हवा काढायची होती. काका गाडीखाली, मी पेडलवर. "दाब... धर... सोडू नोको!" माझं लक्ष ओसरीवर धापा टाकणाऱ्या बाबांकडे. एकदा पाय आधीच सुटला आणि हवा परत आत गेली. मला रडूच कोसळलं. काका खालून एवढंच म्हणाले, "पुन्हा." शेवटी दांडी मागे घेऊन त्यांनी पेडलला बोटभर रिकामा खेळ ठेवला. ते त्याला 'प्ले' म्हणत. "याले हात लावू नोको," त्यांनी बजावलं.

मी हात लावला. डायलिसिसच्या आदल्या दिवशी ते सैल पेडल मला बघवेना. सैल म्हणजे बिघडलेलं, एवढीच माझी अक्कल. पाना घेऊन दांडी आवळली, पेडल कसं घट्ट झालं, मी खूश. दुसऱ्या दिवशी खोलापूरच्या पुढे क्लच तापून सरकू लागला. इंजिन बोंबलतंय, गाडी ओढत नाही, मागच्या सीटवर बाबांची घरघर, आणि हात करून करून एकही गाडी थांबेना. फोन केल्यावर काका काळी-पिवळी जीपने आले. चपला डांबरावर काढल्या, डोकं पेडलखाली घातलं, दांडी सैल केली, पाइपात अडकलेला दाब सोडला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. "घाबरला मानूस समदं आवळतेच," ते म्हणाले. त्या दिवशी बाबा तीन तास उशिरा मशीनला लागले, पण लागले.

महिनाभराने डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. त्यांना आता मशीनही झेपणार नव्हतं. मी मात्र सकाळी गाडी घेऊन काकांच्या दारात. "काका, क्लच जड लागून राह्यला. नीट पाहा. आजच्या आज नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते बाबाले."

काकांनी दहा-बारा वेळा पेडल दाबलं.

"हवा असन काका. पुन्हा काढू."

ते उतरले, चावी काढून मुठीत घेतली आणि तसेच अनवाणी माझ्यापुढे उभे राहिले.

"गाडीत काहीच फॉल्ट नाही, बाबू. घरी जाय. बापाजवळ बस."

मी त्यांच्यावर ओरडलो. तुम्ही म्हातारे झालात, तुमच्या पायाला आता काही समजत नाही, असं नाही नाही ते बोललो. गाडीत दोष निघावा म्हणून मी अक्षरशः हात जोडले. काकांनी चावी खिशात टाकली ती टाकलीच. शेवटी मी पायी घरी गेलो.

त्या बोलण्याची माफी मागेन मागेन म्हणत राहिलो, तोवर काका मुलीकडे अकोल्याला गेले आणि तिथेच वारले. त्या सकाळी त्यांनी चावी दिली असती, तर बाबा नागपूरच्या रस्त्यावर कुठेतरी, माझ्या पाठीमागच्या सीटवर गेले असते. ते गेले दोन दिवसांनी, आमच्या ओसरीवर, माझा हात धरून.