बाद झालेला गडी

माझा बालमित्र दत्तू गेला, असा कराडहून त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी टीव्हीवर फुटबॉलच बघत होतो. आवाज बंद केला... आणि खोटं कशाला बोलू, सामना शेवटपर्यंत पाहिला. मधेच उठलो असतो तर दत्तूनंच शिव्या घातल्या असत्या.

आमच्या गावाला हुतुतू आणि कुस्ती ठाऊक. दत्तू पलटणीत भरती झाला आणि तिथं गोलकीपर बनला! सत्तरच्या दशकात दिल्लीला देशभरातल्या संघांची मोठी स्पर्धा भरायची. बाद पद्धतीची, हरला तो घरी. दत्तूचा संघ दोनदा उपांत्य फेरीतच हरला. तिसऱ्या वर्षी त्याचं पत्र आलं, ‘या खेपेला जर अंतिम फेरी गाठली नाही, तर बूट कायमचे काढणार.’

उपांत्य सामन्याच्या दिवशी त्याच्या अंगणात रेडिओ लावला. हिंदीतलं समालोचन मी त्याच्या वडिलांना, आण्णांना, मराठीत सांगत होतो. आण्णा एकेकाळचे हुतुतूचे नामांकित गडी. एक-एक अशी बरोबरी, जेमतेम चार मिनिटं उरलेली आणि पेनल्टी! दत्तू झेपावला, चेंडूला बोटं लागली... आणि गोल. उरलेली मिनिटंही तशीच सरली.

“काय झालं रं?”

“आण्णा, आपला संघ बाद झाला.”

“मग त्यात काय? पलीकडचा एक मारला की आपला बाद गडी उठतोय की!”

हसावं की रडावं कळेना. दत्तू सुट्टीवर आला आणि त्यानं बूट माळ्यावर फेकले. आण्णा बघत होते.

“बाद झालेला गडी कुटं बसतो रं?”

“रेषंभाईर.”

“घरी जातो?”

“न्हाई. पर आण्णा, आवं, ह्यो खेळ येगळा हाय.”

“खेळ येगळा आसंल. गडी त्योच हाय न्हवं?”

दत्तूनं शिडी लावली आणि बूट खाली काढले. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली, आणि आण्णा असे काही ओरडले, की म्हैस दावं तोडून उसात शिरली! अंतिम सामना संघ हरला खरा, पण दत्तू त्यानंतरही सहा वर्षं खेळला.

परवा त्याच्या घरी गेलो. टीव्हीवर सामना लागला की तो खाटेच्या अगदी कडेला बसायचा, दोन्ही पंजे उघडे ठेवून. तिथली नवार पार खाली गेलीय.

वहिनी म्हणाल्या, “आवळून घ्यायला माणूस सांगितलाय.”

“राहू दे वहिनी,” मी म्हणालो, “एवढ्यात नको.”