टोपलीच्या पनीरचा इतिहास

दोंडाईच्याला स्टेशनजवळ एक डेअरी आहे. टोपलीत लावलेलं मऊ, खारट सुरती पनीर गावात फक्त तिच्या मालकांकडे मिळतं. टोपली पालथी करताना ते श्वास रोखतात आणि पनीर अखंड निघालं की पनीरलाच "शाब्बास" म्हणतात. गिऱ्हाइकाकडे बघतही नाहीत.

दिवाळी अंकासाठी मला खानदेशी पनीरचा इतिहास हवा होता. "आजोबांपासून करता ना?" मी विचारलं.

"मना आजानी पनीर देखंबी नही, सर. मी सुरतले नोकरीमा शिकनू."

हे काही छापण्यासारखं नव्हतं. मी लेखात त्यांच्या आजोबांना पनीर करायला बसवलं आणि ते इथूनच सुरतेला गेलं, असं लिहून टाकलं. लेखाचं कौतुक झालं. त्यांनी तो वाचला आणि घडी घालून ठेवला, एवढंच.

परवा तो लेख वाचून सुरतेचे एक गृहस्थ डेअरीत आले आणि माझ्यादेखत मालकांना म्हणाले, "हे तर आमच्याकडचं पनीर. तुमच्या आजोबांचं कसं?"

मालक टोपली पालथी करत होते. मान वर न करता म्हणाले, "इतिहास या सरस्ना शे, भाऊ. पनीर मनं शे."

गृहस्थांनी 'इतिहास तुमचा?' अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या दुकानात मी खरं बोललो ते एवढंच, आणि तेही तोंड न उघडता.